घटक ३ : रखडलेला पुनर्विकास : व्यवहार, कायदा आणि भाषा

३.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• दुरुस्ती, पुनर्बांधणी आणि पुनर्विकास या संकल्पनांतील फरक सांगता येईल.
• शहरी वस्त्यांतील पुनर्विकास प्रकल्प का रखडतात, याची कारणमीमांसा करता येईल.
• या प्रश्नाशी संबंधित प्रमुख कायदेशीर तरतुदींचा हेतू स्पष्ट करता येईल.
• करारनाम्यातील मराठी वाक्यरचनेचे चिकित्सक वाचन करता येईल.

३.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराच्या भाषेचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात एका सामाजिक प्रश्नाच्या आधारे करारनाम्याच्या भाषेचा अभ्यास करावयाचा आहे.

रावेरसारख्या तालुक्याच्या गावी जुने धाब्याचे घर पाडून त्या जागी सिमेंटचे घर बांधणे ही गोष्ट आपणांस अपरिचित नाही. कुटुंब काही महिने भाड्याने किंवा भाऊबंदांकडे राहते, गवंडी ठरतो, काम सुरू होते. मध्येच पैसा संपला तर काम थांबतेही. परंतु जागा त्या कुटुंबाचीच असते, मिळकत पत्रिकेवर नाव त्याचेच असते आणि पुढच्या हंगामात हाती पैसा आला की काम पुन्हा सुरू करण्याचा अधिकारही त्याचाच असतो. येथे घर पाडणारा, बांधणारा आणि राहणारा एकच आहे.

महानगरातील चाळीत किंवा जुन्या इमारतीत हे तीन जण वेगळे असतात. राहणारा भाडेकरू असतो, जमीन घरमालकाची किंवा शासकीय मंडळाची असते आणि बांधणारा विकासक असतो. घर एकदा रिकामे केले की काम पुन्हा सुरू करणे राहणाऱ्याच्या हाती उरत नाही. रखडलेल्या पुनर्विकासाच्या प्रश्नाचे मूळ या विभागणीत आहे. खानदेशातून कामधंद्यासाठी मुंबई, पुणे, नाशिककडे गेलेल्या अनेक कुटुंबांचा या प्रश्नाशी आज ना उद्या संबंध येतो. म्हणून त्याचा अभ्यास येथे उपयुक्त ठरेल.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ तीन शब्द, तीन अर्थ

जुन्या वास्तूसंबंधी मराठीत जीर्णोद्धार, दुरुस्ती, पुनर्बांधणी आणि पुनर्विकास असे शब्द रूढ आहेत. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द प्रामुख्याने मंदिरांच्या संदर्भात वापरला जातो. राहत्या घरांच्या संदर्भात उरलेले तीन शब्द महत्त्वाचे आहेत. दुरुस्तीत इमारत तीच राहते आणि रहिवासी बहुधा तेथेच राहतो. पुनर्बांधणीत जुनी इमारत पाडून त्याच रहिवाशांसाठी नवी बांधली जाते. पुनर्विकासात मात्र मूळ रहिवाशांच्या घरांबरोबर विक्रीसाठी अधिकची घरे बांधली जातात आणि त्या विक्रीतून सर्व बांधकामाचा खर्च व विकासकाचा नफा निघतो. म्हणजेच येथे ‘विकास’ घराचा नसून जमिनीचा होतो. रहिवाशाला जवळजवळ खर्च न करता मोठे घर मिळते, ते या विक्रीच्या बळावर. विक्री अडली की त्याचे घरही अडते.

सर्वच रखडलेल्या गृहयोजना या प्रकारात मोडत नाहीत. जळगाव शहरातील घरकुल योजना खानदेशातील वाचकांना ठाऊक आहे. तत्कालीन नगरपालिकेची ती योजना अपुरी राहिली, आर्थिक गैरव्यवहाराचा खटला चालला आणि धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवले. ती सार्वजनिक निधीतून नव्या जागेवर घरे बांधण्याची योजना होती. पुनर्विकासात रहिवाशाचे राहते घर हेच भांडवल म्हणून गुंतवले जाते, हा महत्त्वाचा भेद होय.

३.२.२ मुंबईतील जुन्या इमारती : पार्श्वभूमी

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे मुंबईतील जुन्या इमारतींचे भाडे बहुतांशी १९४० च्या पातळीवर गोठले. भाडेकरूला संरक्षण मिळाले. परंतु इतक्या अल्प भाड्यात इमारतीची निगा राखण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. घर हस्तांतरित करताना पागडी देण्याघेण्याची पद्धत रूढ झाली. पागडी देणारा भाडेकरू व्यवहारात जवळजवळ मालकासारखा, तर कागदावर भाडेकरूच राहिला. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली.

इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी कायदा झाला. मुंबई शहरातील जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवण्यात आला. या ‘उपकरप्राप्त इमारतीं’ची संख्या आरंभी सुमारे १९,६०० होती. पुढे हे काम म्हाडाकडे, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे आले. उपकराच्या पैशातून दुरुस्ती पुरेशी होईना, तेव्हा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने अशा इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक देऊ केला. खाजगी विकासक या क्षेत्रात आले ते या वाढीव चटईक्षेत्राच्या आकर्षणाने.

३.२.३ प्रकल्प का रखडतात?

मालक आणि भाडेकरू यांच्यातील वाद, न्यायालयीन स्थगिती, परवानग्यांतील विलंब, विकासकांतील भागीदारीचे तंटे ही कारणे नेहमी सांगितली जातात. ती खरी आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी देवघेवीचा क्रम आहे. रहिवासी जे देतो ते एकदाच, पूर्णपणे आणि सर्वांत आधी देतो. ते म्हणजे त्याचा ताबा. त्याला जे मिळावयाचे असते ते मात्र टप्प्याटप्प्याने आणि नंतर मिळते : आधी दरमहा भाडे किंवा संक्रमण शिबिरातील खोली, अखेरीस नवे घर. विकासकाच्या दृष्टीने मूळ रहिवाशाचे घर हा खर्च आहे आणि विक्रीचे घर हे उत्पन्न. बाजारात मंदी आली किंवा कर्ज मिळेनासे झाले की खर्चाचा भाग प्रथम थांबतो. तोपर्यंत जुने घर पाडलेले असते.

गोरेगाव पश्चिम येथील सिद्धार्थनगर, म्हणजेच पत्रा चाळ, हे याचे ठळक उदाहरण आहे. म्हाडाच्या ४७ एकर जमिनीवरील ६७२ भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी २००८ मध्ये रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. विकासकाने भाडेकरूंना घरे द्यावयाची, म्हाडाचा हिस्सा बांधून द्यावयाचा आणि उर्वरित भाग विकावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. घरे रिकामी झाली, पुनर्वसनाच्या इमारती मात्र अपुऱ्या राहिल्या आणि भाडेही बंद झाले. पुनर्वसन पूर्ण न करताच विक्रीयोग्य चटईक्षेत्राचे हक्क इतर विकासकांना विकून शेकडो कोटी रुपये उभारण्यात आले, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. २०१८ मध्ये म्हाडाने विकासकाशी असलेला करार रद्द केला आणि २०२२ मध्ये, म्हणजे मूळ करारानंतर चौदा वर्षांनी, स्वतः काम पुन्हा सुरू केले. पन्नाशीत घर सोडलेला माणूस तोवर चौसष्ट वर्षांचा झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘विलंब’ या शब्दाचा अर्थ कळतो.

मग घर रिकामे न करणे हा उपाय आहे काय? नाही. भेंडी बाजारातील हुसैनी इमारत पुनर्विकास योजनेत समाविष्ट होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ती कोसळली आणि ३३ जणांचा मृत्यू झाला. जीर्ण इमारतीत राहणे आणि भरवशाविना बाहेर पडणे, या दोन धोक्यांत रहिवासी सापडतो. ‘लोक उगाच अडवणूक करतात’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. त्यांचा नकार बहुधा नव्या घराला नसतो. आधी आपण द्यावयाचे आणि नंतर समोरच्याने द्यावयाचे, या क्रमावर त्यांचा विश्वास नसतो.

शासकीय यंत्रणेने काम हाती घेतल्यास हा क्रम काही अंशी बदलतो. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आहे. वरळी येथे रहिवाशांना टप्प्याटप्प्याने हलवून इमारती उभारण्यात आल्या. भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी घरे मिळाली. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या घरात कुटुंबे गेली. विलंब येथेही झाला. परंतु मूळ रहिवाशाचे घर विक्रीच्या घरामागे ढकलले गेले नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) पुनर्बांधणी आणि पुनर्विकास यांतील मुख्य फरक कोणता?
(आ) पागडी देणाऱ्या भाडेकरूची स्थिती द्विधा का म्हणावी?

३.२.४ कायद्याने क्रम सुधारण्याचा प्रयत्न

या क्षेत्रात ‘कलम ७९-अ’ हा उल्लेख वारंवार येतो. मात्र तो दोन वेगळ्या कायद्यांतील आहे. पहिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील. त्याखाली शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी आणि सुधारित स्वरूपात ४ जुलै २०१९ रोजी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. सभेचे चित्रीकरण, विकासकाची बँक हमी, करारनाम्याची नोंदणी आणि सर्व आवश्यक मंजुऱ्या मिळाल्यानंतरच सदस्यांनी घरे रिकामी करणे, या बाबींवर त्यांत भर आहे. शेवटची सूचना देवघेवीच्या क्रमालाच हात घालते.

दुसरे कलम ७९-अ म्हाडाच्या कायद्यात नंतरच्या दुरुस्तीने आले. धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाची संधी प्रथम मालकाला, त्याने मुदतीत प्रस्ताव न दिल्यास भाडेकरूंच्या संस्थेला आणि तरीही काही न घडल्यास म्हाडाला, असा क्रम त्यात आहे. त्याच दुरुस्तीतील कलम ९१-अ अर्धवट सोडलेले प्रकल्प म्हाडाने ताब्यात घेण्यासंबंधी आहे.

स्थावर संपदा अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरण कार्यरत झाले. खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन विकासकावर आले. हे संरक्षण मुख्यतः नवे घर विकत घेणाऱ्यासाठी आहे. पैसे न देता ताबा देणाऱ्या मूळ रहिवाशाचा मुख्य आधार त्याचा स्वतःचा करारनामाच असतो. म्हणून त्या करारनाम्याची भाषा वाचता येणे अगत्याचे ठरते.

३.२.५ करारनाम्याची भाषा

पुढील दोन वाक्ये अभ्यासासाठी नमुन्यादाखल रचली आहेत.

(१) ‘सदस्याने आपल्या सदनिकेचा रिकामा ताबा सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत विकासकाकडे सुपूर्द करावयाचा आहे.’

(२) ‘आवश्यक त्या सर्व परवानग्या प्राप्त झाल्यानंतर नवीन सदनिकेचा ताबा शक्य तितक्या लवकर देण्यात येईल.’

पहिल्या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे : सदस्याने. मुदत मोजता येते : तीस दिवस. क्रिया बंधनकारक आहे : ‘करावयाचा आहे’. दुसऱ्या वाक्यात कर्ता नाही. ताबा कोण देणार, हे ‘देण्यात येईल’ या कर्मणी रचनेमुळे अनुक्त राहते. मुदत ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांत विरघळली आहे आणि ‘सर्व परवानग्या’ ही अट केव्हा पूर्ण झाली, हे ठरवण्याचा निकष दिलेला नाही. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. तरीही एक वाक्य बांधते आणि दुसरे मोकळे सोडते.

कर्मणी प्रयोग स्वभावतः सदोष नाही. कार्यालयीन मराठीत तो सोयीचा आहे. परंतु जेथे जबाबदारी निश्चित करावयाची असते, तेथे कर्ता लिहिलाच पाहिजे. दुसरे वाक्य असे लिहिता येईल : ‘विकासक बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राच्या दिनांकापासून छत्तीस महिन्यांच्या आत, भोगवटा प्रमाणपत्रासह, नवीन सदनिकेचा ताबा सदस्यास देईल, विलंब झाल्यास ताबा देईपर्यंत तो ठरलेले भाडे दरमहा देत राहील.’ येथे कर्ता, मुदत, पुरावा आणि विलंबाचा परिणाम या चारही गोष्टी आल्या.

‘संक्रमण शिबिर’ या शब्दाकडेही याच दृष्टीने पाहावे. संक्रमण म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणे. मुंबईतील कित्येक कुटुंबे अशा शिबिरांत दशकानुदशके राहिली आहेत. शब्द प्रवासाचा आहे, अनुभव थांबण्याचा. अधिकृत शब्द आणि प्रत्यक्ष वास्तव यांतील हे अंतर ओळखणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) महारेरातील ७० टक्के रकमेची तरतूद मुख्यतः कोणाच्या संरक्षणासाठी आहे?
(आ) जबाबदारी निश्चित करणाऱ्या कलमात कोणत्या चार गोष्टी असाव्यात?

३.३ सारांश

पुनर्विकासात मूळ रहिवाशाच्या घराचा खर्च विक्रीच्या घरांतून निघतो. रहिवासी आपला ताबा आधी देतो आणि मोबदला नंतर घेतो. या असमान क्रमामुळे प्रकल्प रखडल्यावर सर्वाधिक झळ त्यालाच पोचते. मंजुऱ्यांनंतरच घर रिकामे करणे, बँक हमी, नोंदणीकृत करार आणि शासकीय यंत्रणेचा हस्तक्षेप या तरतुदींचा हेतू हा क्रम सुधारणे हा आहे. तो क्रम करारनाम्याच्या वाक्यरचनेतही दिसतो. ज्याच्यावर कर्तव्य आहे त्याचे नाव वाक्यात आहे की नाही, हे तपासून पाहणे ही चिकित्सक वाचनाची पहिली पायरी होय.

३.४ पारिभाषिक शब्द

चटईक्षेत्र निर्देशांक : भूखंडाच्या क्षेत्रफळाशी अनुज्ञेय बांधकामाचे असलेले प्रमाण.
पागडी : भाडेहक्क मिळवताना किंवा हस्तांतरित करताना दिली जाणारी एकरकमी रक्कम.
भोगवटा प्रमाणपत्र : इमारत राहण्यास योग्य असल्याचे नियोजन प्राधिकरणाचे प्रमाणपत्र.
बँक हमी : अटींचा भंग झाल्यास ठरलेली रक्कम देण्याची बँकेने घेतलेली लेखी जबाबदारी.

३.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) पुनर्बांधणीत त्याच रहिवाशांसाठी इमारत बांधली जाते. पुनर्विकासात विक्रीसाठी अधिकची घरेही बांधली जातात. (आ) व्यवहारात तो जवळजवळ मालक असतो, कागदावर मात्र भाडेकरूच राहतो.
२ (अ) नवे घर विकत घेणाऱ्या खरेदीदाराच्या. (आ) कर्ता, मुदत, पुरावा आणि विलंबाचा परिणाम.

३.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘पुनर्विकासाचा प्रश्न हा देवघेवीच्या क्रमाचा प्रश्न आहे.’ या विधानाची पत्रा चाळीच्या आधारे चर्चा करा.
(२) आपल्या घरातील भाडेकरार, कर्जाची कागदपत्रे किंवा विमापत्र घेऊन त्यातील कर्त्याविना आलेली पाच वाक्ये शोधा व कर्ता घालून पुन्हा लिहा.
(३) आपल्या गावातील जुन्या घराच्या नव्या बांधकामाची घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या आणि महानगरातील पुनर्विकासाशी त्याची तुलना करणारा सुमारे ३०० शब्दांचा लेख लिहा.