वसमतच्या मातीत निळी मायोसोटिस

वसमत म्हटलं की हळद. येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी, काळी जमीन आणि २०२४ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन यांमुळे हे नाव आता दूरवर पोचलं आहे. याच गावच्या एखाद्या अंगणात फरगेट-मी-नॉट, म्हणजेच मायोसोटिस, फुलवायची इच्छा कुणाला झाली तर त्यात वावगं काही नाही. भोकराच्या कुळातलं हे वीतभर झाड. कळ्या गुलाबी, उमलल्यावर पाकळ्या आभाळी निळ्या, मधोमध पिवळं कडं. परागीभवन झालं की ते कडं फिकट पडतं आणि कीटक ताज्या फुलाकडे वळतात. एवढ्याशा फुलातली ही व्यवस्था पाहण्यासाठी तरी ते लावावं.

पण ते बियांच्या पाकिटावर विसंबून लावू नये. प्रस्तुत लेखकाने पहिलं बी पेरलं ते पाकिटावर छापलेल्या वेळेला, मार्च ते मे या काळात. ती वेळ ज्या देशात ठरली तिथे मे म्हणजे कोवळं ऊन; वसमतला तेव्हा पारा चाळिशीच्या वर जातो. या बियाला उगवायला १५ ते २० अंश तापमान लागतं. जी थोडी रोपं वर आली, त्यांनी दुपारच्या झळांत माना टाकल्या. पाणी वाढवलं, तर मुळं कुजली.

इथलं वेळापत्रक उलटं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास रात्री गार होऊ लागल्या की ट्रेमध्ये बी टाकावं. उगवताना त्याला अंधार लागतो, म्हणून वरून चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा आणि उगवण होईपर्यंत ओलं गोणपाट झाकावं. कोंब दिसताच गोणपाट काढायचं, नाहीतर रोपं पिवळी, लांबट होतात. ऑक्टोबरात हळद अजून हिरवीगार, गच्च पानांची असते. तिच्या सरीच्या कडेला, वारा खेळता राहील अशा जागी ट्रे ठेवला तर सावली आयती मिळते. मात्र आत, दाट पानांखाली ठेवू नये. कोंदट हवेत या झाडावर भुरी लवकर येते.

काळ्या मातीचं काय करायचं, हा खरा प्रश्न. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते; मायोसोटिसला ओल हवी, पण तुंबलेलं पाणी सोसत नाही. माती, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत समभाग घेऊन कुंडी भरावी, किंवा हळदीला करतात तसा गादीवाफा करावा. सकाळचं कोवळं ऊन, दुपारनंतर सावली. पाणी सकाळी, बुडाशी. कुंडीच्या कडेला पांढरा क्षार दिसू लागला तर बोअरचं पाणी बंद करून साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं.

बहर जानेवारीच्या अखेरीपासून. होळीच्या आसपास ऊन तापलं की झाड आटोपतं, आणि मग ते वाचवायचा आटापिटा करू नये. प्रत्येक फुलामागे चार बारीक, चकचकीत बिया धरतात. त्या कागदावर झटकून, कोरड्या करून पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवाव्यात.

ज्यांना एवढी निगा जमणार नाही, त्यांनी चिनी फरगेट-मी-नॉट लावावी: सायनोग्लॉसम अमाबिले. ती उंच, जास्त काटक, आणि निळाई तशीच. तिचं सोटमूळ हलवलेलं सोसत नाही, त्यामुळे बी थेट वाफ्यातच टाकायचं. याच कुळातली आपली निसुर्डी सह्याद्रीत, कासच्या पठारावरही फुलते. तिला तिथेच पाहावं, उपटून आणू नये. वसमतच्या उन्हात ती जगणारही नाही. आपल्या पडीक रानात आणि बांधावर मात्र छोटा कल्पा आपोआप येतो, खाली मान घातलेली फिकट निळी फुलं घेऊन. तण म्हणून सगळाच खुरपू नये, अशी या लेखकाची कळकळीची विनंती आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायची. युरोपात याच कुळातल्या बोरेजची फुलं सरबतात घालतात, म्हणून मायोसोटिसचा किंवा रानातल्या तिच्या भावंडांचा काढा करू नये. या कुळातल्या अनेक वनस्पतींत पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स असतात आणि ती यकृत निकामी करू शकतात. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानातल्या हेरात प्रांतात दुष्काळानंतरच्या गव्हात याच कुळातल्या हेलिओट्रोपियमचं बी मिसळलं. भाकरीवाटे ते पोटात गेलं. तिथे तपासलेल्या सुमारे ७,२०० लोकांपैकी पाचातल्या एकाहून अधिक जणांत यकृताच्या आजाराची लक्षणं सापडली. त्याच हेलिओट्रोपियमची एक जात, भुरुंडी, आपल्या ओढ्या-तळ्यांच्या काठी उगवते. धान्य खळ्यावर नीट चाळावं. बहर संपल्यावर उपटलेली मायोसोटिस शेळ्यांपुढे न टाकता कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावी, आणि लहान मुलांना फुलं तोंडात घालू देऊ नयेत.