खाट फक्त झोपायलाच असते का?



जुलैच्या एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पावसात पापड वाळत नाहीत, काम बंद. पण कर्जाचा हप्ता थोडाच बंद होतो?" सगळ्या गप्प. मीसुद्धा. आगाशीची सुकेळी असोत की अर्नाळ्याची सुकी मासळी, आपल्याकडचं वाळवण उन्हावरच चालतं. ऊन नाही म्हणजे उपाय नाही, असंच मलाही वाटलं.

आता एक खरी गोष्ट ऐका. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड सुरू केले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात मात्र चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. बाहेर पाऊस, आत पापड वाळतायत! हाच आपला लिज्जत पापड.

खाट काय, स्टोव्ह काय, दोन्ही ओळखीच्या वस्तू. मग आपल्याला का सुचत नाही? कार्ल डंकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला. त्याने लोकांना मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांनी भरलेली डबी दिली. मेणबत्ती भिंतीवर अशी लावा, की मेण खाली टेबलावर सांडणार नाही. बरेच जण अडले. उत्तर सोपं होतं: डबी रिकामी करा, टाचणीने भिंतीला लावा, तिच्यावर मेणबत्ती ठेवा. डबी आधीच रिकामी दिली, तर जास्त जणांना सुचलं. भरलेली डबी म्हणजे "टाचण्या ठेवायची वस्तू", हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते सुटलं की उत्तर एकदम दिसतं. याला मर्मदृष्टी म्हणतात.

गटाच्या बैठकीत हे करून बघा:

१. अडचण एका वाक्यात लिहा. मग प्रश्न बदला. "ऊन कधी पडेल?" नको, "पापड वाळायला काय लागतं?" असं विचारा. ऊब आणि खेळती हवा.

२. घरातल्या पाच वस्तू घ्या. प्रत्येकीचं नेहमीचं काम सोडून दुसरं काम सांगा. नवीन सुनेला आधी बोलू द्या.

३. सुचलं नाही तर विषय तिथेच ठेवा. भाकरी थापताना, पाणी भरताना कधी कधी अचानक सुचतं. पुढच्या बैठकीत परत घ्या.

४. सुचलेलं सगळंच बरोबर नसतं. आधी किलोभर मालावर करून बघा, खर्च वहीत लिहा. बंद खोलीत स्टोव्ह पेटता ठेवणं धोक्याचं आहे, तेव्हा ती खाट जशीच्या तशी उचलू नका. विचार करायची रीत उचला.

त्या ताईंचा प्रश्न अजून माझ्या वहीत आहे. तुमच्या गटाला काय सुचलं, ते पुढच्या बैठकीत मला नक्की सांगा.