हो ताई, समजलं

पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी संध्याकाळी पहिल्या वर्षाची मुलंमुली अडलेलं घेऊन येतात. त्यांच्यासोबत बसून कळलेलं थोडंफार:

१. ‘समजलं का?’ असं विचारू नये. ‘हो ताई’ हेच उत्तर येतं. पेन त्यांच्या हातात द्यावं, आपण गप्प बसावं आणि ते कुठे अडतं ते पाहावं. मेकॅनिक्समध्ये समीकरणं सहसा बरोबर सुटतात. फ्री बॉडी डायग्राममध्ये आधाराची प्रतिक्रियाच दाखवायची राहिलेली असते.

२. ग्राफिक्स तोंडी समजावता येत नाही. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू एक्स-वाय रेषेच्या खाली येतो, हे सगळ्यांचं पाठ असतं. का येतो, ते विचारलं की गाडी अडते. मग मी एक कागद काटकोनात दुमडते. अर्धा टेबलावर आडवा, अर्धा पाठीमागे उभा, मध्ये खोडरबर. समोरून दिसतं ते उभ्या भागावर काढायचं, वरून दिसतं ते आडव्या भागावर. आता रबर उचलायचा आणि कागद सपाट करायचा. घडी म्हणजेच एक्स-वाय रेषा, आणि टॉप व्ह्यू बरोबर तिच्या खाली! हे एकदा स्वतःच्या हातांनी केलं की पुढची शीट आपली आपण उतरते.

३. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं व्हायव्हाला गप्प होतात. विषय येत असतो, वाक्य सुचत नाही. आधी मराठीत सांगायला लावावं, मग तेच इंग्रजीत, मोठ्याने.

४. पैशांचं आपणच विचारावं. संकोचाने कुणी बोलत नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर असतात आणि दरवर्षी नव्याने भरावे लागतात. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे घरी माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, सगळं शेजारी बसून तपासावं. पहिल्या वर्षाच्या गणितांइतकंच हेही माझं काम आहे.

५. कुणी यायचं बंद झालं, तर निरोप पाठवू नये. खोलीवर जावं.

६. जुनं जर्नल मागितलं तरी मी देत नाही. निरीक्षणाचा तक्ता ज्याचा त्याचाच हवा. प्रयोग झाला त्याच दिवशी कुणी आलेख काढायला बसणार असेल, तर रात्री मेस बंद होईपर्यंत मी सोबत थांबते.