एका दिवसात वेरूळ

वेरूळची लेणी पाहायला साता समुद्रापलीकडून माणसे येतात. आणि आपण? पैठण, सिल्लोड, जालना या बाजूच्या खेड्यांतली कितीतरी माणसे अजून तिकडे फिरकलेली नाहीत. विचारले तर म्हणतात, "अहो, आम्हा गरिबाला कुठलं परवडतंय? ते मोठ्या लोकांचं काम."

तसे नाही. पहाटे घरून निघावे, लेणी पाहावी आणि रात्री आपल्याच अंथरुणावर येऊन झोपावे, हे सहज होते. मुक्काम नको, मोटार नको. एसटीची गाडी आहे, फडक्यात भाकरी आहे आणि आता आपल्याला वाचताही येते. या धड्यात आपण वेरूळला जाऊन येऊ.

आधी दिवस ठरवू

आपल्याकडे चांगला दिवस पाहायचा म्हणजे पंचांग काढतात. वेरूळला जायचे तर एक गोष्ट पंचांगात सापडणार नाही. ती अशी, की वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. मंगळवारी गेलो तर दारातून परत फिरावे लागेल. गाडीभाडे गेले आणि दिवसाची मजुरीही गेली. म्हणून वार आधी पाहावा.

ऋतूही पाहावा. उन्हाळ्यात खडक तापतो, लहान लेकरांना सोसत नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवा दिसतो, धबधबाही कोसळतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. दिवाळीनंतरची थंडी सगळ्यांत बरी. सुगीची घाई उरकली, की एक दिवस मोकळा काढावा.

खर्चाचे गणित

आता वही काढा. खर्च तोंडी धरू नका, लिहून काढा. तोंडी हिशेबात दहा-वीस रुपये नेहमी निसटतात.

पहिला खर्च गाडीभाड्याचा. भाडे वेळोवेळी बदलते, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत विचारून घ्या. आपल्या राज्यात एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. ही सवलत २०२३ साली सुरू झाली. ६५ ते ७५ वर्षांच्या म्हाताऱ्या माणसांनाही अर्धे तिकीट पडते. ७५ वर्षांच्या पुढे तिकीटच नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. मात्र वयाचा पुरावा लागतो. तेव्हा आजी-आजोबांचे आधार कार्ड बरोबर घ्यायला विसरू नका.

दुसरा खर्च लेण्यांच्या तिकिटाचा. आपल्या देशाच्या माणसाला माणशी ४० रुपये पडतात. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. समजा, नवरा-बायको आणि दोन लहान मुले निघाली. मग हिशेब असा:

४० × २ = ८० रुपये.

मुलांचे काही नाही. दारावर दराची पाटी लावलेली असते. पैसे देण्याआधी ती स्वतः वाचा. दर बदलला असला तर तिथेच कळेल.

तिसरा खर्च खाण्याचा. तो आपल्या हातात आहे. भाकरी, पिठले, ठेचा, नाही तर दशम्या बांधून घ्या. पाणी घरून भरून घ्या. एवढे केले म्हणजे दोन वेळच्या चहापुरता खर्च उरतो.

परतीच्या भाड्याचे पैसे मात्र वेगळे ठेवा. बाईने पदराच्या गाठीला बांधावे, गड्याने आतल्या खिशात घालावे. काही झाले तरी त्या पैशांना हात लावायचा नाही. मुले खेळण्यासाठी रडली तरी नाही.

गाडीची पाटी

पूर्वी आपण स्थानकावर उभे राहून ज्याला-त्याला विचारत होतो, "दादा, ही गाडी कुठं जाती?" कुणी नीट सांगे, कुणी हसे, कुणी भलत्याच गाडीत बसवून देई. आता पाटी आपणच वाचू.

आपल्या गावाहून आधी जिल्ह्याच्या शहरात, मध्यवर्ती बसस्थानकावर यायचे. या शहराला पूर्वी औरंगाबाद म्हणत. २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. बोलताना माणसे दोन्ही नावे घेतात. जुन्या पाटीवर जुने नाव दिसले तरी गोंधळू नका. गाव एकच.

इथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आहे. काही गाड्यांवर नुसते 'वेरूळ' लिहिलेले असते. काही गाड्या पुढे कन्नडकडे जातात. त्यांच्या पाटीवर 'मार्गे' हा शब्द शोधा. 'मार्गे वेरूळ' असे लिहिले असेल, तर ती गाडी वेरूळवरून जाते. 'मार्गे' पुढे दुसरेच गाव असेल, तर त्या गाडीत बसू नका. दोन अक्षरांचा हा शब्द वाचता आला नाही, तर माणूस भलत्या गावी जाऊन पोचतो.

तिकीट घेतले, की त्यावरचे गावाचे नाव आणि रक्कम वाचा. अर्धे तिकीट असेल तर अर्धेच पैसे लावले आहेत ना, तेही पाहा.

गाडी दौलताबादवरून जाणारी असेल, तर वाटेत देवगिरीचा किल्ला दिसतो. यादव राजांची राजधानी ती हीच. पुढे खुलताबाद लागते. तिथे औरंगजेब बादशहाची कबर आहे. मग उतार लागतो आणि वेरूळ येते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांचे हे गाव.

गाडीतून उतरलो, की पहिले काम परतीच्या गाडीची चौकशी. शेवटची गाडी किती वाजता? ती कुठे थांबते? उत्तर वहीत लिहा, मग लेण्यांकडे चला.

लेणे म्हणजे काय?

घर आपण बांधतो. दगडावर दगड ठेवतो, विटेवर वीट ठेवतो. लेणे बांधत नाहीत, ते कोरतात. उभा डोंगर पोखरून त्यातून खोल्या, खांब, मूर्ती काढायच्या. दगड आणायचा नाही, उलट काढून टाकायचा. हा दगडही परका नाही. आपल्या विहिरीत घण मारून हात दुखतात, तोच हा काळा पाषाण.

वेरूळला पाहण्यासारखी ३४ लेणी एका रांगेत आहेत. सुमारे इसवी सन ६०० ते १००० या काळात ती कोरली गेली. त्यांना दक्षिणेकडून नंबर दिले आहेत:

१ ते १२ बौद्धांची. एकूण १२.

१३ ते २९ हिंदूंची. एकूण १७.

३० ते ३४ जैनांची. एकूण ५.

१२ + १७ + ५ = ३४. हिशेब जुळला.

तीन धर्मांची माणसे एकाच डोंगरात कोरीत राहिली. शेजाऱ्याचे लेणे मोडून आपले करावे, असे त्यांनी केले नाही. डोंगर लांब होता. पुढे सरकले आणि नवे कोरले. बांधाच्या वितीवरून भावाभावांत डोकी फुटतात, तेव्हा हा डोंगर आठवावा.

आधी कळस, मग पाया

दारातून आत गेलो, की समोरच १६ नंबरचे लेणे आहे. हेच कैलास. राष्ट्रकूट घराण्यातल्या पहिल्या कृष्णराजाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. तो सुमारे ७५६ ते ७७३ या काळात राज्य करीत होता.

कैलास हे अख्खे देऊळ आहे. कळस आहे, सभामंडप आहे, अंगण आहे, अंगणात दगडी हत्ती आणि उंच खांब आहेत. अंगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. मागच्या बाजूला डोंगर १०० फुटांहून जास्त खोल कापला आहे. आपली विहीर ४०-५० फूट खणताना काय हाल होतात, ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या दुप्पट खोली, आणि तीही एवढ्या लांबी-रुंदीची!

हे केले कसे? कारागीर आधी डोंगराच्या माथ्यावर गेले. तिथून त्यांनी तीन बाजूंनी खोल चर खणले. मधे खडकाचा मोठा ठोकळा उरला. मग वरून खाली त्या ठोकळ्यातून देऊळ कोरत आणले. आधी कळस झाला, मग मंडप, मग भिंती आणि सगळ्यांत शेवटी पाया. म्हणून उंच परांची बांधायची गरज पडली नाही. उभे राहायला खाली खडक होताच.

पण यात एक मोठी जोखीम होती. आपण घातलेली भिंत वाकडी झाली, तर पाडून पुन्हा घालता येते. कोरताना जास्तीचा दगड उडाला, तर तो परत चिकटवता येत नाही. हत्तीची सोंड कुठे येणार, जिना कुठे येणार, हे खडकाला पहिला घाव घालण्याआधी ठरलेले हवे. हातात काय होते? छिन्नी, हातोडा आणि पहार.

बडोद्याला एक जुना ताम्रपट सापडला आहे. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख. तो सुमारे ८१२ सालचा आहे. त्यात वेरूळच्या देवळाची गोष्ट आहे. देऊळ पाहून देव चकित झाले. एवढेच नाही, तर ज्याने ते केले तो कारागीरही म्हणाला, की हे आपल्या हातून झालेच कसे? पुन्हा असे करायला गेलो तर जमेल, असे त्याला वाटेना. त्या लेखात राजाचे नाव आहे. कारागिराचे नाव दिलेले नाही.

आणखी काय पाहावे?

एका दिवसात ३४ लेणी पाहायचा हट्ट धरू नका. पाय दुखतील आणि ध्यानात काही राहणार नाही. कैलासाखेरीज एवढी पाहा.

१० नंबर: याला 'सुताराची झोपडी' म्हणतात. छताला लाकडी वासे घातल्यासारखे दिसतात. हात न लावता नीट निरखा. ते लाकूड नाही, दगड आहे. समोर भगवान बुद्धाची बसलेली मूर्ती आहे.

१२ नंबर: हे 'तीन ताल', म्हणजे तीन मजली. भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या इथे आहेत.

३२ नंबर: ही 'इंद्रसभा', जैनांचे लेणे. छतावर कोरलेले मोठे कमळ चुकवू नका. हे लेणे दूर आहे. म्हाताऱ्यांना चालवत नसेल, तर आत गाडी मिळते का ते विचारा.

लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत. सकाळी पुढे सावली असते, तेव्हा चालणे उरकावे. दुपार कलली की ऊन आत शिरते आणि मूर्ती उजळतात. लेण्यांपाशी पाट्या आहेत. पाटी हिंदीत असली तरी अक्षरे आपलीच आहेत. सावकाश वाचा, कळेल. वाटाड्या घ्यायचा असेल, तर आधी त्याचे ओळखपत्र वाचा आणि पैसे ठरवा. नाही घेतला तरी अडत नाही.

जवळच घृष्णेश्वराचे देऊळ आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधवले. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो.

नाव कुठे लिहावे?

लेण्यांच्या भिंतींवर काही ठिकाणी खिळ्याने, कोळशाने नावे लिहिलेली दिसतात. ही नावे अडाणी माणसाने लिहिलेली नाहीत, हे ध्यानात घ्या. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्या हातून हे पाप घडले नाही. हे शिकलेल्यांचे काम आहे.

आता आपल्यालाही अक्षर आले आहे. आपले नाव लिहिताना जीव कसा सुखावतो, ते आम्ही वर्गात रोज पाहतो. पण ते नाव वहीत लिहा, तिकिटाच्या पाठीवर लिहा, घरी गेल्यावर दारावर लिहा. लेण्यावर नको. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी १९५८ साली कायदा झाला. अशा वास्तूची नासधूस करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. १९८३ पासून वेरूळ जागतिक वारसा म्हणून जगभर मान्य झाले आहे.

कुणी म्हणेल, "लेणी बघून पोट भरतंय व्हय?" पोट भरत नाही, हे खरे. पण ही लेणी ज्यांनी केली ती आपल्यासारखीच कष्टाची माणसे होती. त्यांच्याही हाताला घट्टे पडले असतील. आपल्या मुलांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे बापाच्या हातातल्या पहारीकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील.

ऊन कलले, की वही उघडा. परतीच्या गाडीची वेळ वाचा आणि अर्धा तास आधी थांब्यावर या. रात्र व्हायच्या आत शहरातून गावाकडची गाडी धरायची आहे. उद्या सकाळी पुन्हा कामावर जायचे आहे.

अभ्यास

१. वेरूळची लेणी कोणत्या वारी बंद असतात? अजिंठ्याची कोणत्या वारी?

२. तीन मोठी माणसे आणि १५ वर्षांखालची दोन मुले वेरूळला गेली. लेण्यांच्या तिकिटाला किती पैसे लागतील?

३. 'मार्गे' या शब्दाचा अर्थ सांगा. आपल्या गावच्या स्थानकावरच्या तीन पाट्या वाचून वहीत उतरवा.

४. कैलास लेणे वरून खाली का कोरले असेल? विहीर खणणाऱ्या एखाद्या माणसाला विचारा आणि वर्गात सांगा.

५. आपल्या घरच्या माणसांचा वेरूळला जाण्या-येण्याचा खर्च लिहून काढा. बेरीज दोनदा तपासा.