शिवणयंत्र, मोबाईल आणि माझी ताई



मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळानं पोटात घालाव्यात ही आधीच विनंती! इंजिनिअरिंगच्या अंकात फॅशन डिझायनिंग कशाला, असं काही जण म्हणतील. पण हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये कुणाची तरी आई, बहीण, वहिनी शिवणकाम करतेच. आणि मोबाईलचं काही अडलं की त्या आपल्यालाच फोन लावतात.

माझी मावसबहीण हदगावला राहते. नांदेडला एक वर्षाचा कोर्स करून आली आणि समोरच्या खोलीत मशीन मांडली. हात चांगला, पण गिऱ्हाईक गल्लीतलंच. मावशी म्हणायची, "डिझायनर म्हनं! फॉल-पिको करायलीय नुसतं." एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिचं इन्स्टाग्राम पेज काढून दिलं. त्यातून आम्ही दोघी जे शिकलो ते इथं मांडते.

१) काम होताना दाखवा. उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यातल्या बरनावा गावची नॅन्सी त्यागी बघा. कापड आणण्यापासून ड्रेस अंगात घालेपर्यंत सगळं ती व्हिडिओत दाखवायची. मे २०२४ मध्ये ती स्वतः शिवलेला गुलाबी गाऊन घालून कान चित्रपट महोत्सवात उभी राहिली. त्याला १००० मीटर कापड आणि ३० दिवस लागले, असं तिनंच सांगितलं होतं. तयार कपडा तर दुकानातही दिसतो. तो कुणाच्या हातून झाला हे दिसलं की लोकांचा विश्वास बसतो.

२) फोटो खिडकीच्या उजेडात काढा. फ्लॅशनं रंग बदलतो आणि आरशांचं काम असेल तर नुसता चकाकतो. एक फोटो पुढून, एक मागून, एक टाके दिसतील इतका जवळून. आमचा एक डाळिंबी कुर्ता फोटोत राणी रंगाचा दिसला आणि पुण्याहून परत आला. येण्या-जाण्याचं कुरिअर आमच्याच डोक्यावर!

३) माहिती स्पष्ट लिहा. पेजचं नाव सगळीकडे एकच ठेवा. गाव, किंमत, मापं, किती दिवस लागतील, सगळं लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' म्हटलं की निम्मे लोक विचारतच नाहीत. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. इंटरनेटवरून उचललेला दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकू नका, ओळखणारे ओळखतातच.

४) ज्याचं त्याला नाव द्या. हा मुद्दा आम्ही चुकून शिकलो.

ताई हदगावजवळच्या एका तांड्यावर एका याडीकडून (गोरमाटीत आईला याडी म्हणतात) बंजारा भरतकाम शिकली. फेटिया-कांचळीवर असतात तसे आरसे, कवड्या तिनं कुर्त्याच्या गळ्यावर घेतल्या. मी रील केली आणि खाली ऐटीत लिहिलं, 'माझं स्वतःचं डिझाइन'. आतापर्यंतच्या सगळ्या रील्सपेक्षा ती जास्त चालली. याडीच्या नातवानं ती तिला दाखवली. पुढच्या वेळी ताई गेली तेव्हा याडी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "टाका माझा, नाव तुझं?" ताईला उत्तर देता आलं नाही.

आणि जून २०२५ मध्ये आम्ही दोघींनीच प्राडाच्या नावानं बोटं मोडली होती! या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. कोल्हापुरीला जीआय मानांकन २०१९ सालीच मिळालेलं. लोकांनी इंटरनेटवर धुरळा उडवला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं आणि कंपनीला ते मान्य करावं लागलं. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. कोल्हापूरसाठी बोलायला लाखो लोक होते. याडीसाठी कोण बोलणार होतं?

आता ताई लिहिते, 'कटिंग-शिलाई माझी, भरतकाम तांड्यावरचं'. सोबत याडीचं नाव, तेही तिला विचारून. प्रत्येक कुर्त्यामागे भरतकामाचे पैसे वेगळे ठरलेत. मला वाटलं होतं, यानं ताईचं महत्त्व कमी होईल. उलट कोण शिवतं, कोण भरतं हे विचारणारे मेसेज वाढले.

५) थोडा कायदा. पेटंटच्या तासाला झोपणाऱ्यांनी इथं जागं व्हावं! डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणी १० वर्षं टिकते आणि आणखी ५ वर्षं वाढवता येते. पण अर्जाआधी डिझाइन जगासमोर आलेलं नसावं. म्हणजे आधी रील टाकली तर नोंदणी अडू शकते. म्हणून आधी अर्ज, मग रील. आणि नोंदणी करता येण्यासारखं डिझाइन नोंदवलंच नाही, ते कारखानदारी पद्धतीनं ५० पेक्षा जास्त नगांवर उतरलं, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कॉपीराइटही उरत नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेला टाका मात्र 'नवीन' म्हणून कुणालाच नोंदवता येणार नाही, ना प्राडाला, ना ताईला.

ताई काही रातोरात श्रीमंत झालेली नाही. फॉल-पिको अजून चालूच आहे, कारण मशीनचा हप्ता त्यावरच निघतो. पण महिन्याला दोन-तीन पार्सलं हदगावबाहेर जातात आणि मावशीच ती टपालात टाकून येते.

तेव्हा सुट्टीला घरी गेलात की आईच्या किंवा बहिणीच्या मशीनजवळ अर्धा तास बसा. पेज काढायला अडलं तर लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये मी रात्री आठला असतेच!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी