पाखरांचे संसार

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबताना तुम्ही पाहिले असतील. हा खोपा कोण विणतो? "सुगरणच विणणार, म्हणजे मादीच," असे आपण धरून चालतो. पण तसे नाही. नाव बाईचे, काम बाप्याचे! खोपा नर विणतो.

पावसाळा लागला की नराच्या डोक्यावर पिवळा रंग चढतो. तो गवताच्या पात्यांच्या बारीक पट्ट्या काढतो आणि विणायला बसतो. खोपा अर्धा झाला की थांबतो. पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, जागा बघतात, आत शिरून खोपा बघतात. मादीला पसंत पडला तर ती तिथेच राहते. मग नर खालचा लांब बोळ विणून खोपा पुरा करतो. पुढे अंडी घालणे, उबवणे आणि पिल्लांना भरवणे हे बहुतेक सारे मादीच करते. नर जवळच दुसरा खोपा विणायला घेतो. तो दुसऱ्या मादीसाठी! जमले तर तिसराही.

पक्ष्यांचे थोर अभ्यासक डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम गावी हे सारे बारकाईने पाहिले. त्यांचा लेख १९३१ साली छापून आला.

आता दुसरा संसार पाहू. धनेश हा मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. उन्हाळ्यात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते. ढोलीचे तोंड ती आपल्या विष्ठेने आणि चिखलाने लिंपून घेते. फक्त एक बारीक फट ठेवते. आत तिच्या पंखांची पिसे गळतात. तिला उडता येत नाही. कित्येक आठवडे नर बाहेरून अन्न आणतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळे, किडे, सरडे असे फटीतून तिला देतो, पुढे पिल्लांनाही देतो. इथे एक नर आणि एक मादी.

तिसरा संसार याहून वेगळा. तळ्यात कमळाच्या पानांवर लांब बोटांचा कमळपक्षी चालतो. त्याची मादी नराहून मोठी असते. ती तरंगत्या पानांवर चार अंडी घालते आणि नराच्या हवाली करते. मग दुसऱ्या नराकडे जाते आणि पुन्हा अंडी घालते. सुमारे २६ दिवस नर एकटा अंडी उबवतो. पिल्लांची राखणही तोच करतो.

तीन पाखरे, तीन रीती. असे का?

याचे उत्तर पिल्लांपाशी आहे. पिल्लू जगवायला किती जणांचे कष्ट लागतात, हे पाहा.

पावसाळ्यात गवताचे बी आणि किडे मुबलक असतात. सुगरणीचा खोपा बंद आणि उंच. म्हणून एकटी आई पिल्ले वाढवू शकते. नर मोकळा राहतो आणि नवा खोपा विणतो.

धनेशाची मादी कोंडलेली. नर गेला तर तिला आणि पिल्लांना कोण भरवणार? तिथे दोघांवाचून भागत नाही.

कमळपक्ष्याची अंडी उघड्यावर असतात. पाणी चढते, साप आणि पक्षी अंडी खातात. पुष्कळ अंडी जातात. म्हणून मादीने पुन्हा पुन्हा अंडी घालणे फायद्याचे ठरते. पिल्ले तर अंड्यातून निघताच चालू लागतात, आपले आपण टिपून खातात. त्यांच्या राखणीला एक बाप पुरतो.

कुणी विचारील, "पाखराला एवढा हिशोब कसा कळतो?" पाखरू हिशोब करीत नाही. आपण जोंधळ्याचे बी राखताना चांगली कणसे निवडतो. तशी निवड निसर्गात आपोआप होते. समजा, फार पूर्वी धनेशाचे दोन नर होते. एक ढोलीपाशी टिकून अन्न आणी. दुसरा भटकत राही. भटक्याची पिल्ले उपाशी मेली. टिकणाऱ्याची जगली. बापाची सवय लेकरांत रक्तातून उतरली. हजारो पिढ्या असेच चालले आणि तीच जातीची रीत झाली. निसर्गातल्या या निवडीचा विचार चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५९ साली आपल्या ग्रंथात मांडला.

याच हिशोबाने आणखी एक गोष्ट उलगडते. पाखरांच्या दहांतल्या सुमारे नऊ जाती जोडीने राहतात, कारण उबवणे आणि भरवणे नरालाही जमते. पण दूध पाजणाऱ्या जनावरांत जोडीने राहणाऱ्या जाती शंभरांत जेमतेम नऊ-दहा आहेत. दूध आईच्याच अंगात असते. बाप नसला तरी वासरू वाढते.

यातून माणसाने स्वतःसाठी नियम काढू नये. कोणते पाखरू चांगले आणि कोणते वाईट, असेही ठरवू नये. माणसाला विचार आहे, वचन आहे, कायदा आहे. पाखराला त्याची रीत आहे.

पण ही रीत कळली तर एक काम आपल्या हातून नीट होईल. उन्हाळ्यात आपण सरपणासाठी झाडे पाडतो. नेमकी तेव्हाच धनेशाची मादी ढोलीत असते. धनेशाला स्वतः ढोल कोरता येत नाही. जुने पोकळ झाड तोडले की त्याचे घरच गेले. कुणी नराला मारले, तर मागे अख्खे कुटुंब उपाशी मरते. एका दगडात सारे घर बुडते! हाच पक्षी फळांच्या बिया दूरवर टाकतो आणि नवी झाडे उगवतात.

म्हणून पोकळ झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी वर पाहा, खालीही पाहा. बुंध्याशी विष्ठा आणि फळांच्या बिया पडलेल्या असतील, वर नर येत-जात असेल, तर कुऱ्हाड खाली ठेवा. सरपण दुसरीकडे मिळेल. ढोलीतल्या आईला दुसरे दार नाही.

शब्दार्थ
ढोल : झाडाच्या खोडातील पोकळी
विष्ठा : पक्ष्याची शीट
मुबलक : भरपूर

प्रश्न
१. सुगरणीचा खोपा कोण विणतो?
२. धनेशाचा नर मेला तर काय होते? का?
३. कमळपक्ष्याची मादी पुन्हा पुन्हा अंडी का घालते?
४. तुमच्या शिवारात पोकळ झाडे किती आहेत? त्यांत कोणती पाखरे राहतात? पाहून लिहा.