दोन आया आणि एक लेकरू : कुरुक्षेत्रावरची भेट

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८२



सूर्यग्रहणाच्या पर्वासाठी सगळे यादव कुरुक्षेत्राला आले आहेत. ही बातमी ऐकून व्रजातून नंदबाबा आणि यशोदामाईही आल्या आहेत. कृष्ण मथुरेला गेला, त्यानंतर किती वर्षं लोटली! आता तो द्वारकेचा राजपुरुष आहे. पण नंद-यशोदेला मिठी मारताना कृष्ण-बलराम दोघांचेही गळे इतके दाटून येतात की तोंडातून शब्द फुटत नाही. यशोदा त्यांना मांडीवर घेते. आणि मग रोहिणी आणि देवकी पुढे येऊन यशोदेला मिठी मारतात. त्यांच्या बोलण्याचा भाव असा : पापण्या डोळ्यांना जपतात तसं तुम्ही या दोघांना जपलंत, इंद्राचं वैभव मिळालं तरी हे ऋण फिटायचं नाही.

जन्म देणारी आई वाढवणाऱ्या आईचे आभार मानते, आणि तेही मुलाच्या समोर. आज एवढ्याच प्रसंगावर थांबूया.

हा अध्याय निवडण्याला कारण आहे. आमच्या यवतमाळकडच्या नात्यातल्या एका ताईचा मागच्या आठवड्यात फोन आला. नाव-गाव सांगत नाही. तिचा धाकटा दीर गेला. कापसाचं कर्ज, पुढचं तुम्हाला कळलंच असेल, आमच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. मागे राहिली तरुण जाऊ आणि दोन मुलं. ताईला मूल नाही. घरच्यांनी बसून ठरवलं, जाऊबाईही मनापासून हो म्हणाली, आणि धाकटा मुलगा ताईला रीतसर दत्तक दिला. जाऊ आता मोठ्या मुलीला घेऊन यवतमाळ शहरात शिवणकाम करते आणि अधूनमधून मुलाला भेटायला येते. ताई म्हणाली, "भाऊ, ते येऊन गेली का लेकरू दोन दिवस धड जेवत नाही. सासूबाई म्हणतात, तिला सांग येऊ नको म्हणून, नाही तर तुझं होणारच नाही ते. दिवाळीला तिला बोलवू का नको?"

मी भागवत उघडलं. दुसऱ्याच्या घरात वाढणाऱ्या मुलाशी जन्माचं नातं कसं राखायचं, हे दशम स्कंधात तीन ठिकाणी दिसतं.

पहिली गोष्ट, खबर (अध्याय ५). नंदबाबा कंसाचा कर भरायला मथुरेत येतात. वसुदेव त्यांना भेटतो आणि बलरामाची चौकशी करतो : आपल्या आईबरोबर तुमच्याकडे राहणारा, तुम्हालाच वडील मानणारा माझा मुलगा बरा आहे ना? बघा, "तुम्हालाच वडील मानणारा" हे वसुदेव स्वतः म्हणतो. त्याला माया आहे, पण हक्काची भाषा नाही.

दुसरी गोष्ट, नाव (अध्याय ८). बारसं करायला गर्गमुनी येतात, तेही वसुदेवानेच पाठवलेले. गोठ्यात, गाजावाजा न करता नाव ठेवतात आणि सांगतात की हा पूर्वी कधीतरी वसुदेवाच्या पोटी जन्मला होता, म्हणून याला वासुदेवही म्हणतील. कंसाच्या भीतीने सगळं उघड सांगता येत नाही, तरी मुळाची खूण नावात राहते. गुपित होतं ते मुलाला जपण्यासाठी, लाजेपोटी नव्हे. कंस गेला आणि ते संपलं.

तिसरी गोष्ट, भेट. म्हणजे आजचा अध्याय.

याच्या उलट कर्ण आठवा. त्याचं मूळ लोकलाजेने लपवलं गेलं आणि त्याला सांगितलं कधी, तर युद्ध दारात उभं असताना. तेव्हाही त्याने राधामाईला सोडलं नाही. सत्य कळल्यामुळे वाढवणाऱ्या आईचं प्रेम कमी झालं नाही. उशिरा कळल्यामुळे मात्र त्याची फार मोठी ओढाताण झाली.

हे सांगितल्यावर ताईने लगेच विचारलं, "पण भाऊ, यशोदेजवळ कृष्ण राहिला कुठं? गेला तो गेलाच ना!"

खरं आहे. यशोदेचं दुःख भागवत लपवत नाही. पण कृष्णाला देवकीने ओढून नेलं नाही. कंसाचं बोलावणं घेऊन अक्रूर आला आणि पुढे कर्तव्य आलं. आणि मथुरेत खरे आईवडील भेटल्यावर त्याने नंदबाबांना काय सांगितलं, ते अध्याय ४५ मध्ये आहे : सांभाळणं जमत नाही म्हणून आप्तांनी सोडलेल्या बाळांना जे पोटच्या मुलासारखं वाढवतात, तेच आई आणि तेच बाप. मग उद्धवाला गोकुळात पाठवलं. आजच्या अध्यायात तर देवकी तिथेच असताना भागवत नंद-यशोदेला 'पितरौ' म्हणतं, आईवडील.

"उद्या तिने लेकरू परत मागितलं तर?" ही भीतीही बोलून दाखवली तिने. इथे कायदा स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार रीतसर झालेलं दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही. म्हणून दत्तकपत्राची नोंदणी करून घ्या. कागद पक्का असला की मन मोठं करायला सोपं जातं.

आणि दत्तक गेलं की जुनं घर कायमचं तुटलं, असं आपल्याकडे सरसकट कधीच नव्हतं. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १७ मार्च १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. जन्मदाते जयसिंगराव घाटगे तेव्हा कोल्हापूरचे रीजंट होते. सख्खा भाऊ बापूसाहेब राजकोटला आणि धारवाडला त्यांच्याबरोबरच शिकला.

तुमच्यापैकी कोणी संस्थेतून, 'कारा'मार्फत मूल घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जन्मदात्यांची ओळख गुप्त ठेवतात आणि त्याचा मान राखायलाच हवा. मूल मोठं झाल्यावर मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकतं, पण जन्मदात्यांची तयारी नसेल तर ओळख मिळत नाही. भेट शक्य नसली तरी "तू आमच्याकडे दत्तक आलास" हे लहानपणापासून सांगणं आपल्या हातात आहे.

शेवटी ताईला एवढंच म्हणालो : भेट बंद करू नका, तिला वळण लावा. ती कधी येणार ते लेकराला आधी सांगा. तो खेळत असताना तिने गुपचूप निघून जाऊ नये, नीट निरोप घेऊन जावं. "तुला घेऊन जाईन" असं तिने म्हणू नये आणि "ती तुझी कोणी नाही" असं तुम्ही म्हणू नये. तो रडला तर रडू द्या, जवळ घ्या. रडणं म्हणजे तुम्ही कमी पडलात असं नाही, त्याला दोघी हव्यात एवढंच. दिवाळीचा निर्णय तिचा आहे, आणि तो सोपा नाही.

आमच्या भागातून पैनगंगा ओलांडली की माहूर. तिथे दत्तशिखर आहे आणि अनसूयामातेचं मंदिरही. 'दत्त' म्हणजे दिलेला. 'दत्तक' हा शब्दही त्याच धातूतून आला. दिलेलं लेकरू हातात घेताना देणारीचे हातही दिसले पाहिजेत.

आजचं चिंतन : माझ्या आयुष्यात मला कोणी "दिलं" आहे आणि कोणी "जपलं" आहे? दोघांपैकी कोणाचे आभार मानायचे राहिलेत? आज एक फोन करा.

प्रार्थना : हे वासुदेवा, हे यशोदानंदना, तू दोन्ही नावांनी ओ देतोस. ज्या घरात एका लेकराला दोन आया आहेत, तिथे देवकीची कृतज्ञता आणि यशोदेची माया दोन्ही नांदू दे.

जय श्रीकृष्ण. उद्या भेटूया.